श्रवणाची चाळण

परभाषेतील ध्वनी मनुष्य ऐकतो तो स्वभाषेने घडविलेल्या भेदव्यवस्थेतून. निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेला चाळणीची उपमा दिली. ही चाळण किती लवकर विणली जाते, हे वर्कर आणि टीस यांच्या १९८४ मधील संशोधनाने दाखविले. इंग्रजीभाषक घरांतील सहा-आठ महिन्यांच्या अर्भकांना हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद कळतो. वर्षाच्या सुमारास ही क्षमता क्षीण होते. मराठी कानाचीही अशीच मर्यादा आहे.

जे ऐकूच येत नाही, त्याबद्दल कोणालाही दोषी धरता येणार नाही. दोष सुरू होतो तो निवाड्यापाशी. स्वतःला जाणवणारा भेद दुसऱ्याच्या उच्चारात आढळला नाही, की श्रोता त्याला बुद्धीचा वा संस्काराचा उणेपणा मानतो. स्वतःच्या चाळणीतून काय गळले, याची मात्र त्याला वार्ताही नसते. प्रौढपणीही सरावाने काही भेद ऐकू येऊ लागतात. म्हणूनच प्रयत्नाचे उत्तरदायित्व बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यावरही येते. परक्या उच्चारास ‘अशुद्ध’ ठरविण्याचा अधिकार या उत्तरदायित्वाआधी सिद्ध होत नाही.