पाटीवरचे नाव, कागदावरचे नाव

रमजानमध्ये इफ्तारनंतर आमचा भाचा कागदांची फाईल घेऊन घरी आला. खारी, टोस्ट, नानखटाई पाकिटात भरून विकणारी कंपनी त्याला काढायची होती. कंपनीसाठी त्याने एका फुलाचे नाव योजले होते. त्याला आमची हरकत नव्हती. पुढचा बेत ऐकून मात्र आम्ही चमकलो. भांडवल सगळे त्याचे, पण संचालक आणि भागधारक त्याचे दोन मित्र. त्याचे स्वतःचे नाव कुठेच नाही. "मामू, माल चोख देणार. मग नाव झाकलं तर ती लबाडी होते का?" आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही.

त्याची भीती पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थांच्या दुकानदारांना मालकाचे नाव दर्शनी लावण्याचे फर्मान निघाले. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणते पदार्थ मिळतात ते लिहा, मालकाच्या आणि नोकरांच्या नावाची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता. राज्य दूरचे, पण अनुभव दूरचा नाही. भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज कसा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

मग गिऱ्हाइकाचा हक्क कशावर? हदीसमध्ये एक प्रसंग आहे. पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात. आत ओल लागते. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे ते विक्रेत्याला विचारतात आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत बजावतात. विक्रेत्याचे कुळ कोणते, हा प्रश्न तिथे नाही. प्रश्न ओलीचा आहे. हजरत खदीजा (र.) यांचा माल इतरांच्या हाती शामच्या बाजारात जाई. मालकानेच गल्ल्यावर बसले पाहिजे, असे आपल्या परंपरेने कधी म्हटलेले नाही.

इथे आपणही आपल्या मनात डोकावून पाहावे. "दुकान कोणाचं?" हे आपणही विचारतोच. जनावर कोणी आणि कसे कापले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. कढई वेगळी आहे का, हे विचारण्याचा हक्क शाकाहारी माणसाला आहे. पण बिस्किटाच्या पुड्यासाठी मालकाची जातकुळी शोधणे, मग शोधणारे आपण असू वा ते, हा मालाबद्दलचा प्रश्न उरत नाही.

म्हणजे पाटीवर नाव नसणे ही लबाडी नव्हे. कागदाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आम्ही घरातच भोगली आहे. आमच्या अब्बांनी एका मित्राच्या हार्डवेअर दुकानात पैसे घातले होते. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून अब्बांचे नाव मुद्दाम कुठेच घातले नव्हते. दोघांत शब्द होता, कागद नव्हता. मित्र सचोटीचा. दर पाडव्याला हिशेब घरी आणून देई. पुढे वर्षभराच्या अंतराने दोघेही गेले. अम्मी हिस्सा मागायला गेल्या, तेव्हा मित्राची मुले म्हणाली, "मावशी, कागद दाखवा." ती मुले बेइमान नव्हती. त्यांना ठाऊकच नव्हते. दोन इमानदार माणसांनी गुपित जपले आणि एका विधवेचा व तिच्या मुलांचा हक्क बुडाला. देणेघेणे लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे सूरह बकराची 282वी आयत इतक्या तपशिलाने का सांगते, ते आम्हाला त्या दिवशी कळले.

कायदाही हाच फरक करतो. पाकिटावर कंपनीचे नाव, पत्ता आणि अन्न परवान्याचा क्रमांक लागतो. भागधारकाचे नाव लागत नाही. पण शेअर एकाच्या नावे आणि खरी मालकी दुसऱ्याची असेल, तर 2013च्या कंपनी कायद्याप्रमाणे ते कंपनीला लेखी कळवावे लागते. बेनामी व्यवहाराचा 1988चा कायदा 2016 मध्ये कडक झाला. त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते, तुरुंगवासही आहे. शिवाय उद्या कर थकला तर नोटीस त्या दोन मित्रांच्या दारात जाणार.

आम्ही भाच्याला म्हणालो, "बँक, भागीदार, सरकार, बायको-मुलं, ज्यांचं देणंघेणं तुझ्या मालकीवर अवलंबून आहे, त्यांच्यापासून ती लपवू नकोस. ज्याला फक्त खारी खायची आहे, त्याला नाव सांगायचं बंधन तुझ्यावर नाही."

"आणि कोणी सरळ विचारलंच तर?"

"तर खोटं नाव सांगू नकोस. ते गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे."

हे सांगणे आम्हाला सोपे होते. गिऱ्हाईक त्याचे जाणार होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने फाईल उघडली आणि संचालकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. खाली एका मित्राचे, ज्याने खरोखर पैसे घातले होते. पाकिटावर फूलच राहिले. ते पाहताना आम्हाला अजून थोडे खुपते. पण त्यात भाच्याचा दोष किती आणि आपल्या सगळ्यांच्या बाजाराचा किती, हा हिशेब अजून व्हायचा आहे.