निर्दोषाचे ऋण

अजाणतेपणी घडलेल्या हानीबद्दल मनुष्यास जबाबदार धरावे की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. हेतू शुद्ध असेल तर दोष नाही, आणि दोष नसेल तर देणेही नाही, असे उत्तर आपण सहसा देतो. आम्हांसही ते पुष्कळ दिवस पुरेसे वाटे. परंतु पश्चिम ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या मुलखाची हकीकत कळल्यापासून त्याचा उत्तरार्ध आम्हांस पटेनासा झाला आहे.

तेथील ही शेती कालव्यांवर नव्हे, पावसावर चालते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापावसाबरोबर हजारो वर्षे थोडे थोडे मीठ त्या भूमीत उतरले आणि खोल थरांत साठून राहिले. वर निलगिरीच्या जातीची झाडी होती. तिची खोल मुळे पावसाचे बहुतेक पाणी बारा महिने शोषून घेत. त्यामुळे भूजल खाली राही. ती झाडी तोडून लोकांनी गहू पेरला. गव्हाची मुळे त्यामानाने उथळ व आयुष्य काही महिन्यांचे. न शोषलेले थोडे पाणी दरसाल खाली झिरपू लागले. भूजल वर चढले आणि वाटेतील मीठ बरोबर घेऊन आले. ते पृष्ठभागापासून सुमारे ६ फुटांच्या आत आले की मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर ओढले जाते, उन्हाने उडून जाते, आणि मागे मिठाचा पांढरा थर उरतो.

यात दोष कोणाचा? सरकारकडून जमीन घेणाऱ्यावर झाडी साफ करण्याची अट असे. त्याच्या कष्टांत पाप शोधणे अन्यायाचे होईल. तथापि १९२४ साली डब्ल्यू. ई. वुड या रेल्वेच्या इंजिनियराने झाडीचा नाश आणि माती व ओढे यांतील वाढता क्षार यांचा कार्यकारणसंबंध लेख प्रसिद्ध करून दाखविला. तरीही तोड थांबली नाही. उलट १९६० नंतरच्या दशकात वर्षास १० लाख एकर नवी जमीन लागवडीस देण्याचे धोरण सरकार अभिमानाने मिरवीत असे. तेथील १० लाख हेक्टरांहून अधिक जमीन आता क्षाराने ग्रासली आहे. अज्ञानाचा आश्रय पहिल्या पिढीस मिळेल. पुढच्यांस तो मिळणार नाही.

परंतु खरी कसोटी याहून पुढे आहे. पुष्कळदा पाणी मुरते उंचवट्यावर आणि मीठ फुटते सखल भागात. खोल मुळांची झाडे किंवा बारमाही लसूणघास लावण्याचा उपाय वरच्याने करावयाचा, तोही विस्तीर्ण क्षेत्रावर. लाभ मात्र खालच्यास, आणि कित्येक वर्षांनी. खालच्याने खोल चर खणून खारे पाणी बाहेर काढले, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी ओढ्यात जाणार. स्वतःपुरती सुटका करून घेणे हेच येथे दुसऱ्याचे संकट होऊन बसते.

वरचा शेतकरी म्हणेल, ‘तोड माझ्या आजोबांनी केली, मी का सोसावे?’ बापाचे कर्ज फेडणारा मुलगा स्वतःस गुन्हेगार समजत नाही; पण वारशाने जमीन घेतली, तेव्हा तिच्यावरचा बोजाही घेतला, हे तो जाणतो. दोष हेतूने लागतो. ऋण लाभाने लागते. म्हणून मनुष्य निर्दोष असूनही ऋणी असू शकतो, असे आमचे मत आहे.

हे परक्या देशाचे गाऱ्हाणे समजून वाचकांनी पान उलटू नये. आमच्याकडे कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापुरांकडे, उसाच्या शिवारांत जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तेथे कारण झाडीची तोड नव्हे, तर पाण्याचा अतिरेक व निचऱ्याचा अभाव. पण एकाने सोडलेले जादा पाणी शेजाऱ्याच्या सखल रानात उमटते, हे दुःख तेच. आणि त्या मुलखातील साखर आमच्या चहातही पडते. आम्ही कोणाच्या शेतात मीठ पेरले नाही, हे खरे. परंतु तेवढ्याने आमच्या खात्यावरील बाकी मिटत नाही. निचऱ्याचा खर्च कोणी सोसावा, याची चर्चा होईल तेव्हा आपले नाव ऋणकोंच्या यादीत आहे, एवढे तरी आम्ही प्रामाणिकपणे मान्य करावे.