आनंदाची मालकी

करमणुकीच्या उद्यानाच्या मालकाने एक जुना पाळणा मोडून त्या जागी नवा उभारला, तर त्यात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे कोणीही विचारील. दुकानदाराने एक माल काढून दुसरा मांडावा, नाटक मंडळीने जुना पडदा विटला म्हणून नवा रंगवून घ्यावा, त्यातलाच हा प्रकार. जागा मालकाची, भांडवल मालकाचे. गिऱ्हाइकाने पैसे दिले, फेरी मारली, आणि व्यवहार तेथेच संपला. हा युक्तिवाद इतका सरळ आहे की त्याच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य पोरकट तरी ठरावा किंवा भावनेच्या आहारी गेलेला तरी. तथापि व्यवहारात जे सरळ दिसते ते विचारातही सरळ असतेच असे नाही. आणि येथे ते तसे नाही असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात सिनसिनाटी शहरानजीक मेसन म्हणून गाव आहे. तेथे किंग्ज आयलंड नावाचे मोठे उद्यान १९७२ पासून चालू आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आता त्या देशात राहतात. सुटीत तिकडे गेलेल्या आजी-आजोबांना असल्या एखाद्या उद्यानाच्या बाकावर सर्वांच्या पिशव्या सांभाळीत बसण्याचा योग येतोच. तेव्हा रोलर कोस्टर म्हणजे काय हे वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये या उद्यानाने असे जाहीर केले की, ‘व्हॉर्टेक्स’ नावाचा आपला रोलर कोस्टर २७ ऑक्टोबर रोजी कायमचा बंद होईल. १९८७ साली तो उभा राहिला तेव्हा बसणाऱ्याला एका फेरीत सहा वेळा उलटा करणारा तो जगातला पहिलाच होता. बत्तीस वर्षे झाली होती. यंत्राचे आयुष्य सरले होते. कारण रास्तच म्हटले पाहिजे. तरीही पोलादाच्या त्या सांगाड्यासाठी प्रौढ माणसे मनापासून हळहळली, आणि राहिलेल्या महिन्याभरात त्याचा निरोप घेण्यासाठी आली.

या हळहळीला पोरकटपणा म्हणून बाजूला सारण्यापूर्वी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. आपल्या गावच्या जत्रेतही पाळणा येतो. यात्रा भरली की पाळणेवाला आपले खांब, साखळ्या आणि लाकडी पेट्या घेऊन येतो. चार दिवस मुलांना आकाशाशी नेऊन भिडवतो. आणि यात्रा उलगली की खांब उपटून पुढच्या गावची वाट धरतो. मागे राहतात ते जमिनीतले खड्डे. त्या खड्ड्यांपाशी कोणी डोळे पुसत उभा राहिल्याचे ऐकिवात नाही. जाणे हा त्या पाळण्याचा धर्मच आहे आणि तो सर्वांना आधीपासून ठाऊक असतो. ज्याच्या जाण्याची तयारी ठेवूनच मनुष्य त्याच्यावर लोभ करतो, त्याच्या जाण्याने दुःख झाले तरी अन्याय झाला असे त्याला वाटत नाही.

स्थिर उद्यानाची गोष्ट निराळी. तेथे खांबांना काँक्रीटचा पाया असतो, वाटांना नावे असतात, आणि प्रत्येक मोठ्या खेळाच्या दाराशी एक फळी उभी असते. तिच्यावर उंचीची खूण केलेली असते. मोठ्या खेळांना ती बहुधा अठ्ठेचाळीस इंचांची, म्हणजे चार फुटांची. मूल त्या फळीला पाठ लावून ताठ उभे राहते, टाचा हळूच उचलून पाहते, नोकर मान हलवतो, आणि बाप म्हणतो, “पुढच्या वर्षी.” हा प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. तिकिटाचा व्यवहार संध्याकाळी संपतो खरा, परंतु त्या फळीपाशी झालेला व्यवहार संपत नाही. ‘तू वाढ, आणि मग ये,’ असे उद्यान त्या मुलाला सांगत असते. हे वचन कोठे लिहिलेले नसते, कोणत्याही न्यायालयात ते चालणार नाही. तरी ज्याला ते दिले त्याने ते मनावर घेतलेले असते. वर्षभर ते मूल भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा ओढीत असते.

आता मूळ युक्तिवादाकडे वळू. गिऱ्हाईक जे विकत घेते ते म्हणजे दोन-तीन मिनिटांची फेरी. यात शंका नाही. पण त्या फेरीतून जे उत्पन्न होते ते मालकाने विकलेले नसते. बाप आणि मुलगी एका डब्यात शेजारी बसून एकाच क्षणी भ्याली. घरी ज्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही तो मनुष्य आपल्यासारखाच किंचाळतो हे मुलीने पाहिले. हे काही उद्यानाच्या कोठारात तयार करून ठेवलेले नव्हते. ते त्या दोघांनी घडवले, उद्यानाने त्याला जागा दिली. आणि आठवण ही अशी वस्तू आहे की तिला खुंटी लागते. घर, विहीर, शाळेचा जिना, आणि ज्यांना हे काही फार काळ एका ठिकाणी लाभत नाही अशा फिरत्या समाजात एखादा रोलर कोस्टरसुद्धा. खुंटी मालकाची, पण तिच्यावर टांगलेले वस्त्र दुसऱ्याचे, अशी येथे परिस्थिती आहे.

म्हणून काय खुंटी कधी उपटूच नये? असे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांस सहानुभूती असली तरी त्यांची बाजू टिकत नाही. ज्या ‘व्हॉर्टेक्स’साठी ते हळहळले त्याचाच इतिहास पाहावा. त्या जागी आधी ‘द बॅट’ नावाचा खेळ होता. रुळाखाली डबे लोंबकळत जावेत, वळणावर झोके खावेत, अशी ती १९८१ सालची नवी कल्पना होती. पण यंत्र वरचेवर बंद पडे, आणि थोड्याच वर्षांत ते काढून टाकावे लागले. त्याचे स्थानक मात्र राहिले, आणि ‘व्हॉर्टेक्स’ने तेच वापरले. म्हणजे बत्तीस वर्षे लोक ज्या फलाटावरून आनंदाने चढत होते तो फलाट एका मोडलेल्या खेळाचा होता. ‘फायरहॉक’चेही तसेच. तो २००७ साली ओहायोतल्याच जिऑगा लेक या उद्यानातून आणला, ते उद्यान त्याच वर्षी बंद पडले, आणि पुढे ‘फायरहॉक’ही २०१८ साली निघून त्याच्या जागेवर २०२० मध्ये ‘ओरायन’ आला. आज ‘ओरायन’च्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ‘फायरहॉक’चे नावही ठाऊक नसेल. त्याच्या आनंदाला कमी कसे लेखावे? आठवणीचा हक्क मानायचा तर ज्याची आठवण अजून घडायची आहे त्याचाही मानला पाहिजे. आणि जागा तर एकच आहे.

शिवाय काही पाळणे असे असतात की ते मोडणे हेच कर्तव्य ठरते. ‘सन ऑफ बीस्ट’ची कथा या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. याच उद्यानात १९७९ पासून ‘द बीस्ट’ नावाचा लाकडी रोलर कोस्टर आहे. लांबी सात हजार फुटांहून अधिक. लाकडी कोस्टरांत इतका लांब आजही जगात दुसरा नाही. त्याच्या कीर्तीवर आणखी एक इमला चढवावा म्हणून २००० साली त्याचा ‘पुत्र’ उभारण्यात आला: लाकडाचा, २१८ फूट उंच, आणि वर त्याला पूर्ण उलटा फेरा. लाकडाने एवढे सोसावे अशी अपेक्षा त्यापूर्वी कोणी केली नव्हती. सर्वांत उंच, सर्वांत पहिला, असे शब्द जाहिरातीत शोभतात. लाकडाला जाहिरात वाचता येत नाही. जुलै २००६ मध्ये सांगाड्यातली तुळई तडकून रूळ खचला आणि सत्तावीस माणसे जखमी झाली. पुढल्या वर्षी तो उलटा फेरा काढून टाकून खेळ पुन्हा सुरू केला. जून २००९ मध्ये तो थांबला तो कायमचाच, आणि २०१२ साली तो पाडण्याचे जाहीर झाले. येथे पाडणाऱ्याला दोष देणे वेडेपणाचे होईल. दोष असेलच तर तो उभारतानाच्या अहंकारात होता. आणि तरी गंमत अशी की, त्याच भूमीवर २०१४ साली ‘बॅन्शी’ नावाचा पोलादी खेळ उभा राहिला तेव्हा उद्यानाने तेथे ‘सन ऑफ बीस्ट’च्या नावाचा एक थडग्याचा दगड बसवला. चेष्टेने बसवला हे उघड आहे. पण ज्याच्याविषयी काहीच वाटत नाही त्याची अशी चेष्टासुद्धा कोणी करीत नाही.

धोका आणि वार्धक्य ही दोन कारणे अशी निर्विवाद आहेत. प्रश्न उरतो तो तिसऱ्या कारणाचा, म्हणजे नावीन्याचा. खेळ धड आहे, लोक बसताहेत, पण रांग पूर्वीइतकी लांब नाही. तेव्हा त्याला काढा आणि फलकावर लिहायला नवे काहीतरी आणा. या धंद्याची मेख येथे आहे. दर उन्हाळ्यात ‘यंदा नवीन’ अशी हाक द्यायची म्हणजे गतवर्षीचे ते जुने झाले असे लोकांच्या कानात सांगायचे. कंटाळा हा मनुष्याला स्वभावतः थोडासाच असतो. बाकीचा त्याला शिकवावा लागतो, आणि ज्यांनी तो शिकवला तेच मग लोकांना जुने आवडत नाही अशी सबब पुढे करतात. हा दोष उद्यानांपुरताच आहे असेही नाही. मासिके चालवणाऱ्यांनी याविषयी फार मोठ्याने न बोललेले बरे.

जतन करणे अशक्य असते तर गोष्ट वेगळी. पण उलट उदाहरणे आहेत. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या प्लेलँड पार्कमध्ये १९४७ साली बांधलेला ‘रॉकेट’ हा लाकडी कोस्टर ते उद्यान १९८० मध्ये बंद पडल्यावर सहज नामशेष झाला असता. पेनसिल्व्हेनियातील नोबल्स या उद्यानाने तो सोडवून आपल्याकडे नेला, पुन्हा जोडला, आणि १९८५ पासून तो ‘फिनिक्स’ या नावाने तेथे धावतो आहे. खुद्द ‘बीस्ट’चे पाहा. लाकडी कोस्टर हा दरसाल थोडाथोडा नवा होत असतो. आज ही फळी, उद्या ती तुळई. २०२२ च्या हंगामासाठी तर त्याच्या पहिल्या उताराचा कोनही पूर्वीपेक्षा तीव्र केला. तेव्हा हा बीस्ट तोच का, असा वाद तर्कशास्त्रज्ञांनी खुशाल घालावा. बसणाऱ्यांनी तो केव्हाच निकालात काढला आहे. आजोबांच्या वाड्याचे छप्पर बदलले म्हणून वाडा बदलला असे आपण तरी कोठे म्हणतो? नावांचेही असेच आहे. १९८१ चा ‘बॅट’ गेला, पण २०१४ साली उद्यानाने आपल्या दुसऱ्या एका लोंबत्या कोस्टरला तेच नाव पुन्हा दिले. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात त्यामागची भावना याहून फार निराळी नसावी.

तर मग लोकांचा हक्क नेमका कशावर? पाळणा कायम राहावा यावर नव्हे. ते येणाऱ्या मुलांवर अन्याय करणारे होईल. आमच्या मते हक्क आहे तो निरोपावर. अनंतचतुर्दशीला आपण गणपती पाण्यात सोडतो आणि तरी कोणी लुटले गेल्यासारखा घरी येत नाही, कारण दिवस ठाऊक असतो. आरती करून, हातावर वाटली डाळ घेऊन मनुष्य परततो. ‘व्हॉर्टेक्स’च्या चाहत्यांना जो एक महिना मिळाला तो मालकाने केलेला उपकार नव्हता. त्या खुंटीवर त्यांचे जे वस्त्र होते ते उतरवून घेण्याची ती मुदत होती. उलट ‘सन ऑफ बीस्ट’मध्ये जून २००९ मध्ये जे शेवटचे बसले, त्यांना आपण शेवटचे आहोत हे ठाऊक नव्हते, आणि नंतर तीन वर्षे तो सांगाडा न धावता, न पडता उभा होता. सुरक्षिततेपुढे तेथे इलाज नव्हता हे मान्य. पण जेथे इलाज असतो तेथेही पुष्कळदा असेच घडते. कोणी म्हणेल की निरोपाचाही धंदा करता येतो, शेवटच्या दिवसाचेही तिकीट विकता येते. येते खरे. पण पुरोहित दक्षिणा घेतो म्हणून संस्कार खोटा ठरत नाही.

सिनसिनाटीलाच ओहायो नदीच्या काठी कोनी आयलंड म्हणून एक जुने उद्यान होते. वरचेवर येणाऱ्या पुरांना कंटाळून त्याच्या मालकांनी बरेचसे खेळ उचलून मेसनला नेले, आणि त्यातूनच १९७२ साली किंग्ज आयलंडचा जन्म झाला. जुने उद्यान त्यानंतरही या ना त्या रूपाने जगले. १९२५ साली बांधलेला त्याचा सनलाइट पूल हा प्रचंड जलतरण तलाव तर शहरातल्या कित्येक पिढ्यांचा उन्हाळा होता. डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन हिवाळ्यात, असे जाहीर झाले की जागा विकली गेली आहे, तेथे संगीताचे नवे सभास्थान होणार आहे, आणि महिनाअखेरीस उद्यान कायमचे बंद होईल. पोहण्याचा हंगाम तेव्हा केव्हाच उलटून गेला होता. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस जी मुले ओल्या केसांनी तलावाबाहेर आली ती टॉवेल वाळत घालून पुढच्या वर्षाचे बेत करीत झोपी गेली असतील. त्याच जुन्या उद्यानातला १९२६ सालचा मेरी-गो-राउंड मात्र वेळीच मेसनला गेला होता. हाताने कोरलेले त्याचे अठ्ठेचाळीस लाकडी घोडे तेथे अजून फिरतात.