प्रतिपक्षाचा चेहरा

पत्त्यांच्या डावात प्रतिपक्षाची पाने चोरून पाहणे हा अधर्म. मग त्याचा चेहरा न्याहाळून तीच पाने ताडणे हा धर्म कसा? थेरगावी गणेशोत्सवातील एका जागरणाच्या रात्री तीनपत्तीच्या बैठकीशेजारी बसलो असता हा प्रश्न आम्हांस पडला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीस मुख्यत्वे कौशल्याचा व तीन पानांच्या खेळास निव्वळ दैवाचा खेळ म्हटले. परंतु बैठकीत दैवाइतकीच नजरही खेळत असते. पाने टाकून दिलेला गडी अधिक निर्मळ पाहतो, कारण त्याच्या डोळ्यांवर लोभाची झापड नसते. थरथरता हात नवशिक्यास भीतीचे लक्षण वाटतो. पोकरचे जाणते मात्र त्यावरून बहुधा उत्तम पाने ताडतात.

जे उघड दिसते ते वाचण्यात चोरी नाही, असे आमचे मत आहे. परंतु त्या रात्री एका कामगाराची प्रत्येक हूल सर्वांनी ओळखली. त्याचा पगार संपत चालला आहे, हेही त्याच चेहऱ्यावर लिहिलेले होते. ते वाचूनही आम्ही गप्प बसलो. पाने ओळखणारी नजर माणूस ओळखून थांबत नसेल, तर तिला सावधपणा म्हणावे. शहाणपण म्हणवत नाही.