किल्लीची किल्ली

कुलूप लावायला अक्कल लागत नाही हो. ती लागते किल्ली ठेवायला. आमचा भाचा संगणकवाला. त्याच्या प्रोग्रॅमसोबत एक फाईल असते. तीत डेटाबेसचा पासवर्ड चक्क सुवाच्य अक्षरांत! म्हणून म्हणे तो सांकेतिक करून लिहायचा. त्यासाठी एईएस ही पद्धत आहे. अमेरिकी सरकारनं ती २००१ साली प्रमाण ठरवली. पद्धत जगजाहीर, गुप्त फक्त किल्ली. हे तत्त्व केर्कहॉफ्सनं १८८३ सालीच सांगून ठेवलंय.

आता ही किल्ली त्याच फाईलशेजारी ठेवली, तर ती पायपुसण्याखालची किल्ली झाली. म्हणून ती दुसऱ्या यंत्रात. आणि त्या यंत्राची? "मामा, शेवटी दोघा-तिघांवर विश्वास टाकावाच लागतो!"

म्हणजे बाकीच्या सहकाऱ्यांवर अविश्वासच की! मला आधी हे खटकलं. पण विचार करा, पासवर्ड उघडा असता आणि उद्या फुटला असता, तर फाईल पाहणारा प्रत्येक जण चोर ठरला असता. कुलूप चोराला थोडंच अडवतं? ते सज्जनावरचा आळ टाळतं. किल्ली हाती नसणं हा अपमान नव्हे. ती शांत झोपेची सोय आहे. जागरण त्या दोघा-तिघांनी करावं. पगारही त्यांनाच जास्त असतो!