क्षमा कोणीं करावी?

एखाद्या देशांत जुलमी राज्य जाऊन न्यायाचें राज्य आलें, म्हणजे जुन्या अपराध्यांचें काय करावें, हा प्रश्न उद्भवतो. सर्वांस शिक्षा करावी, असें कित्येक म्हणतात. झालें गेलें विसरावें, असें दुसरे म्हणतात. दक्षिण आफ्रिकेनें या दोहोंमधील वाट धरली. तिचा विचार आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

तेथील वर्णभेदाचें राज्य संपून १९९४ मध्यें सर्व वर्णांच्या लोकांनीं नवें सरकार निवडलें. १९९५ च्या कायद्यानें सत्य व समेट आयोग नेमण्यांत आला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. राजकीय हेतूनें अपराध करणाऱ्यानें संपूर्ण सत्य उघड केल्यास त्यास माफी मिळूं शके. ७,००० हून अधिक अर्ज आले. सुमारें ८५० जणांस माफी मिळाली. यांत हित झालें, हें नाकबूल करतां येत नाहीं. आपलें माणूस कोठें पुरलें, हें कित्येक घरांस तेव्हांच कळलें.

तथापि या माफीस अन्याय सोसलेल्याची संमति लागत नसे, आणि अपराध्यास पश्चात्तापाचीही अट नव्हती. माफी मिळाली कीं भरपाईची फिर्यादही बंद होई. १९७७ मध्यें पोलिसांच्या मारानें मरण पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनीं या कायद्यास हरकत घेतली, ती १९९६ मध्यें न्यायालयानें फेटाळली. आयोगानें पीडितांस सहा वर्षें वार्षिक रक्कम द्यावी असें सुचविलें होतें. सरकारनें २००३ मध्यें एकदांच ३०,००० रँड देण्याचें ठरविलें. ज्यांस माफी नाकारली, त्यांपैकीं फारच थोड्यांवर खटले झाले.

समजा, एकानें शेजाऱ्याचा बांध कोरून त्याची जमीन बळकाविली. पुढें तो पंचांसमोर सर्व कबूल करतो. पंच म्हणतात, "खरें बोललास, मोकळा आहेस." जमीन मात्र त्याच्याकडेच राहते. आतां शेजाऱ्यानें त्याच्या पंक्तीस बसावें, असें आपण कोणत्या तोंडानें सांगावें?

माफी दिली नसती तर रक्तपात झाला असता, असें कोणी म्हणतील. तें म्हणणें खोटें नाहीं. शांततेसाठीं शिक्षा सोडण्याचा अधिकार सरकारास असूं शकेल. परंतु शिक्षा सोडणें वेगळें आणि क्षमा करणें वेगळें. क्षमा हें अन्याय सोसलेल्याचें धन आहे. तें दुसऱ्यानें वांटूं नये. सत्य सांगणें हा समेटाचा आरंभ होय. घेतलेलें परत केल्यावांचून तो पुरा होत नाहीं. म्हणून गांवांतील तंटा मिटवितांना, "झालें ना आतां?" असें पंचांनीं अपराध्यास विचारूं नये, ज्याचें गेलें, त्यास विचारावें.