अपरिचिताचा शब्द आणि प्रामाण्याचा प्रश्न

ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच असते की ते बाहेरून सिद्ध करावे लागते, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील शतकानुशतकांचा वाद आता केवळ पाठशाळेपुरता उरला आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या खिशातील फोन वाय-फायचे संदेश कसे वाचतो हे एकदा बारकाईने पाहावे. कारण तेथे हा वाद क्षणोक्षणी निकालात काढावा लागतो, आणि निकाल चुकला तर त्याची झळ या वादाचे नावही न ऐकलेल्या माणसाला पोहोचते.

वाय-फायच्या संदेशात अनेक घटक एकामागून एक येतात. प्रत्येक घटकाचा पहिला बाइट त्याचा प्रकार सांगतो, दुसरा त्याची लांबी सांगतो, आणि त्यानंतर मजकूर येतो. नेटवर्कचे नाव 32 बाइटांहून मोठे नसावे असा नियम आहे. परंतु लांबीच्या रकान्यात 255 पर्यंतचा कोणताही आकडा मावतो, आणि तो भरणे सर्वस्वी पाठवणाऱ्याच्या हाती असते. डब्ल्यूपीए सप्लिकंट या लिनक्स व अँड्रॉइडवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत 2015 साली असे आढळले, की शेजारच्या उपकरणाचे नाव उतरवून घेण्याच्या एका वाटेवर त्याने सांगितलेली लांबी जशीच्या तशी स्वीकारली जात होती. जागा 32 बाइटांची, म्हणून 223 बाइटांपर्यंतचा मजकूर तिच्याबाहेर सांडून शेजारच्या नोंदींवर पसरू शकत होता, आणि त्या नोंदींत पुढे मोकळ्या करावयाच्या जागेचा एक पत्ताही होता. दुरुस्ती एका अटीची होती: सांगितलेली लांबी आपल्या जागेत मावत असेल तरच नाव उतरवून घ्यावे.

नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो वक्ता आप्त असेल तर, म्हणजे विषय यथार्थ जाणणारा आणि जाणले तसे सांगू इच्छिणारा असेल तर. हवेतून आलेल्या या संदेशाचा वक्ता मात्र अज्ञात असतो; त्याची ओळख पटवण्याचा विधी पुढे होतो, आणि तो व्हावा म्हणूनच हा पहिला संदेश आधी वाचावा लागतो. आप्ताचेच ऐकावे हा उपदेश येथे पाळताच येत नाही. उलट, प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत गेल्यास अनवस्था ओढवते, ही मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेची हरकतही तितकीच बळकट आहे. प्रत्येक तपासणीची पुन्हा तपासणी करू लागलो तर फोनला एकही संदेश वाचता येणार नाही.

माझ्या मते या पेचातून निघण्याची वाट एका बारकाव्यात आहे, आणि तो दोन्ही पक्षांकडून सहसा निसटतो. आपले नाव 255 बाइटांचे आहे असे म्हणणारा खोटे बोलत असेलच असे नाही. तितका मजकूर त्याने खरोखरच पाठवलेला असतो. विधान यथार्थ असूनही अनर्थ घडतो, कारण प्रश्न वक्त्याच्या सत्यतेचा नसून श्रोत्याच्या अधिकाराचा आहे. आपली जागा किती, हे जाणण्यासाठी कोणाच्याही शब्दाची गरज नसते, ती जागा आपणच आखलेली असते. म्हणून शहानिशेची साखळी तेथे थांबते आणि अनवस्थेचे भय उरत नाही.

2022 च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या वाय-फाय भागात पाच दोष एकदम जाहीर झाले. जर्मनीतील डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातील एका संशोधकाच्या शोधातून ते उघडकीस आले होते. नेटवर्कला न जोडता नुसते आसपासची नेटवर्के धुंडाळणारे यंत्रही त्यांच्या तावडीत सापडू शकत होते. त्यांतील एक दोष मला विशेष विचारार्ह वाटतो. एकाच संदेशात अनेक नेटवर्कांची माहिती असते तेव्हा ती उलगडण्यासाठी तात्पुरती जागा घेतली जात होती. काम संपताच ती मोकळी केली जाई, पण हाती दिलेल्या उत्तरात तिचे पत्ते तसेच राहत. पत्ता ही एका परीने स्मृतीच, आणि नैयायिकांनी स्मृतीला प्रमेत, म्हणजे यथार्थ ज्ञानात, स्थान दिले नाही ते किती विचारपूर्वक, हे येथे पटते: अनुभवाच्या वेळी जे खरे होते त्याचाच ती हवाला देते, वस्तू आता तेथे आहे की नाही हे तिला ठाऊक नसते. दुरुस्ती करणाऱ्यांनी येथे नवी तपासणी घातली नाही. ती तात्पुरती जागा त्यांनी उत्तराच्या रचनेचाच भाग केली, जेणेकरून दोघांचे आयुष्य एकच व्हावे. जो संबंध केवळ संयोगाचा, म्हणजे तुटू शकणारा, होता तो जणू समवायाचा, म्हणजे अविभाज्य, झाला.

ही दुसरी दुरुस्ती मला अधिक श्रेष्ठ वाटते, कारण पहिली जागरूकतेवर विसंबते आणि जागरूकता एखाद्या वाटेवर हमखास निसटते; 2015 मध्ये निसटली ती अशीच, एकाच वाटेवर. त्याच 2022 च्या डिसेंबरात लिनक्सच्या 6.1 आवृत्तीत रस्ट या भाषेला प्रथम प्रवेश मिळाला. मोकळ्या झालेल्या जागेचा पत्ता जवळ बाळगू पाहणारा प्रोग्रॅम त्या भाषेचे भाषांतरयंत्र सामान्यतः मान्यच करत नाही. तथापि वाय-फायचे संदेश उलगडणारा लिनक्सचा मूळ भाग सी भाषेतच आहे, आणि तेथे ही खातरजमा लिहिणाऱ्यालाच करावी लागते.